संध्याकाळपर्यंत उतरणारे औषध, आठवडाभर टिकणारा दिलासा

काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाला घेऊन मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो होतो. आमचा नंबर यायला वेळ होता. पुढच्या बाकावर काळाचौकीहून नवऱ्याला घेऊन आलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा केसपेपरची घडी मुठीत धरून त्यांनी उभ्याउभ्याच विचारले, "डॉक्टर, ह्यांना गोळ्या सुरू करून बारा दिवस झाले. झोप लागते आता, पण माणूस अंथरुणातून उठत नाही. गोळीचा पॉवर कमी पडतोय का?" डॉक्टरांनी "मावशी, अजून पंधरा दिवस धीर धरा, गोळी मात्र बंद करू नका" एवढेच सांगितले, कारण दाराबाहेर साठ-सत्तर माणसे ताटकळत होती. उत्तर अगदी बरोबर होते. तरीही त्या बाईंनी, नकळत, औषधशास्त्राला अनेक दशके छळणाऱ्या प्रश्नावरच बोट ठेवले होते.

नैराश्यावर आज सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या गोळ्या मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे पुनर्शोषण रोखतात, आणि त्यामुळे दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत ते अधिक काळ उपलब्ध राहते. हा बदल पहिल्या गोळीनंतर काही तासांतच होतो. रुग्णाला बरे वाटायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. आजाराचे कारण केवळ सेरोटोनिनची कमतरता असते, तर पहिल्याच दिवशी संध्याकाळी माणूस हसत घरी जायला हवा होता. तसे होत नाही, याचा अर्थ रसायनाची पातळी वाढणे ही केवळ सुरुवात आहे आणि खरे काम त्यानंतर पेशींच्या आत सावकाश चालते.

या औषधांचा जन्मही एका अर्थी अपघातानेच झाला. १९५० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले गेले, तेव्हा फुप्फुसांपेक्षा त्यांच्या मनःस्थितीतला उत्साहच अधिक नजरेत भरला. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी इमिप्रामिनचा नैराश्यावरील परिणाम नोंदवला. १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि दुष्परिणाम कमी झाल्यामुळे ही औषधे मानसोपचारतज्ज्ञांच्या पलीकडे, साध्या दवाखान्यांपर्यंत पोहोचली. या साऱ्या प्रवासात औषधे सुरक्षित होत गेली, पण त्यांचा वेग जवळजवळ तेवढाच राहिला. याला ठळक अपवाद ठरले ते केटामाइन, भुलीचे एक जुने औषध, ज्याचा परिणाम काही तासांत दिसतो. ते हे कसे साधते आणि नेहमीच्या गोळ्यांचा वेग का वाढत नाही हे समजून घ्यायचे, तर दीर्घकाळच्या ताणाखाली चेतापेशीचे नेमके काय होते, ते आधी पाहावे लागेल.

मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, एक चेतापेशी डोळ्यांसमोर आणा. तिच्या मध्यवर्ती देहापासून झाडाच्या फांद्यांसारख्या शाखिका फुटलेल्या असतात आणि त्या शाखिकांवर हजारो सूक्ष्म काटे असतात. काटा म्हटले तरी तो टोकदार नसतो. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीसारखा त्याचा आकार असतो: बारीक देठ आणि वर फुगीर डोके. लांबी साधारण एक सहस्रांश मिलिमीटर. शेजारच्या पेशीचा तंतू या डोक्याशी येऊन टेकतो, मध्ये अतिशय अरुंद फट राहते आणि त्या फटीतून रासायनिक संदेश पलीकडे जातो. या जोडणीला चेतासंधी म्हणतात. काटे स्थिर नसतात. काही शिकताना नवे उगवतात, वापरात नसलेले विरून जातात आणि ही घडामोड आयुष्यभर सुरू असते.

ताण थोड्या वेळाचा असेल तर कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, शरीर सावध होते आणि प्रसंग टळला की पातळी खाली येते. परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येतो आणि पेपर हाती पडल्यावर तो विरघळतो, तो हाच ताण. ताण आठवडे-महिने न हटता राहिला तर मात्र ही व्यवस्था पेशीवरच उलटते. अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उंदरांना एकवीस दिवस, रोज काही तास अरुंद जागेत जखडून ठेवले आणि नंतर त्यांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागातील चेतापेशी तपासल्या. शाखिका आखूड झाल्या होत्या आणि त्यांचे फाटेही कमी झाले होते. पुढे कपाळामागच्या प्रीफ्रंटल बाह्यकातही असेच आढळले. विचार तोलणे, भावनेला आवर घालणे, एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष नेणे या गोष्टी ज्या भागावर अवलंबून आहेत, त्याचेच काटे विरळ होत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर पालिकेची माणसे दादर-माटुंग्याच्या रस्त्यांवरील पर्जन्यवृक्षांच्या फांद्या छाटतात, तेव्हा झाड मरत नाही, पण दोन झाडांच्या एकमेकांत गुंतलेल्या फांद्या सुटतात आणि रस्त्यावरची सलग सावली तुटते. ताणाने पेशीचे होते ते साधारण असेच. पेशी सहसा मरत नाही, तिची पोच आक्रसते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण मेलेली पेशी परत आणता येत नाही, आक्रसलेली फांदी मात्र पुन्हा वाढू शकते. काही संशोधक तर या आक्रसण्याला इजा न मानता अतिउद्दीपनापासून पेशीने केलेला बचाव मानतात आणि मला ते पटते.

सगळा मेंदू मात्र आक्रसत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ साली दाखवले, की ज्या ताणाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील शाखिका आखूड होतात, त्याच ताणाने भीतीशी निगडित अमिग्डला या भागातील शाखिका उलट वाढतात. ताण थांबवून एकवीस दिवस विश्रांती दिल्यावर हिप्पोकॅम्पसची स्थिती सावरली, पण अमिग्डलातील वाढ आणि प्राण्यांचा भित्रेपणा तसाच राहिला, असे त्यांच्या २००४ च्या प्रयोगात दिसले. गिरणगावातल्या जुन्या चाळीत राहिलेल्या कोणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. गिलावा पडत जातो, गॅलरीचे कठडे खिळखिळे होतात, आणि त्याच भिंतीच्या भेगेत रुजलेला पिंपळ मात्र कोणी पाणी न घालताही जोमाने वाढतो. नैराश्यात माणसाला निर्णय घेणे जड जाते, पण भीती आणि अपराधीपणा यांना मात्र कधी थकवा येत नाही, त्याचे एक कारण या विषम बदलांत असावे.

आतल्या यंत्रणेविषयी थोडक्यात सांगायचे, तर दीर्घ ताणात दोन गोष्टी एकत्र घडतात. एक, मेंदूतील मुख्य उद्दीपक रसायन असलेल्या ग्लुटामेटची देवाणघेवाण बिघडते. दुसरी, बीडीएनएफ नावाचे प्रथिन काही भागांत घटते. काटे उगवणे आणि उगवलेले टिकणे या दोहोंसाठी पेशीला या प्रथिनाची गरज लागते, म्हणून त्याला पेशींचे खत म्हणण्याची पद्धत आहे. आता नेहमीच्या गोळ्यांच्या संथपणाचा उलगडा होतो. सेरोटोनिन वाढल्यानंतर जनुकांच्या पातळीवर हळूहळू बदल होतात, बीडीएनएफ वाढत जाते आणि हिप्पोकॅम्पसच्या एका कोपऱ्यात नव्या चेतापेशी जन्माला येण्याचे प्रमाणही प्राण्यांमध्ये वाढलेले दिसते. नवी पेशी जन्मून, शाखा फुटून, जुन्या जाळ्यात सामील व्हायला काही आठवडे जातात. गोळीच्या पॉवरचा यात दोष नसतो. बागेत खत घातल्याच्या दुसऱ्या दिवशी फुले मागता येत नाहीत, तशातली ही गोष्ट आहे.

मग काही तासांत परिणाम दाखवणारे केटामाइन हे कोडे कसे सोडवते? त्यासाठी शस्त्रक्रियागृहात जावे लागेल. हे औषध १९६२ साली अमेरिकेतील पार्क-डेव्हिस या कंपनीसाठी काम करणाऱ्या काल्व्हिन स्टीव्हन्स यांनी प्रथम तयार केले आणि १९७० साली त्याला भुलीचे औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याने श्वास सहसा मंदावत नाही आणि रक्तदाबही कोसळत नाही, त्यामुळे युद्धभूमीवर, आपत्तीत आणि जिथे मोठी यंत्रसामग्री नाही अशा तालुक्याच्या रुग्णालयांत ते आजही हुकमी मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात कोणाच्या ना कोणाच्या हाताचे हाड बसवताना हे औषध दिले गेलेले असते, फक्त नाव माहीत नसते.

सन २००० मध्ये येल विद्यापीठातील रॉबर्ट बर्मन, जॉन क्रिस्टल, डेनिस चार्नी आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या अवघ्या सात रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे अर्धा मिलिग्रॅम केटामाइन शिरेतून चाळीस मिनिटांत सावकाश दिले गेले. साठ किलोच्या माणसाला हे तीस मिलिग्रॅम होते, म्हणजे शस्त्रक्रियेच्या भुलीसाठी शिरेतून झटकन द्याव्या लागणाऱ्या मात्रेपेक्षा बरेच कमी. रुग्ण जागा असतो. त्याला आपण शरीरापासून थोडे बाजूला सरकलो आहोत, आवाज लांबून येत आहेत, खोलीचे छत किंचित हलते आहे, असे वाटू शकते आणि तासाभरात हे ओसरते. विलक्षण गोष्ट त्यानंतर घडली. गुंगी उतरल्यावर नैराश्य हलके होऊ लागले आणि तो हलकेपणा दिवसांच्या हिशेबात टिकला. २००६ साली कार्लोस झाराटे यांच्या गटाने इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर हाच प्रयोग पुन्हा केला. केटामाइन मिळालेल्या १७ जणांपैकी ७१ टक्क्यांमध्ये दुसऱ्याच दिवशी लक्षणीय सुधारणा दिसली आणि ३५ टक्क्यांमध्ये ती किमान आठवडाभर टिकली.

रक्तातील केटामाइन दर दोन-तीन तासांनी निम्मे होत जाते. सकाळी दिलेले औषध रात्रीपर्यंत जवळजवळ संपलेले असते, परिणाम मात्र नंतरही मागे राहतो. म्हणजे औषधाने जे काही केले, ते त्या थोड्या तासांत सुरू करून दिले आणि पुढचे काम पेशीने स्वतः केले. संपूर्ण विषयाची किल्ली इथे आहे, असे मला वाटते.

केटामाइन पेशीवरील एनएमडीए नावाच्या दरवाजात जाऊन अडकते. हा दरवाजा चमत्कारिक आहे. ग्लुटामेट येऊन चिकटले तरी तो लगेच उघडत नाही, कारण आत मॅग्नेशियमचा कण बूच म्हणून बसलेला असतो. पेशी आधीच पुरेशी उत्तेजित असेल तरच ते बूच निघते आणि कॅल्शियम आत शिरते. केटामाइन उघड्या दरवाजातून आत जाऊन तिथेच अडकून बसते. आता अडचण पाहा. ग्लुटामेट उद्दीपक, त्याचा एक दरवाजा बंद केला, तर मेंदूचे काम मंदावायला हवे. प्राण्यांच्या मेंदूत मोजले असता कमी मात्रेत नेमके उलटे दिसले: प्रीफ्रंटल भागात ग्लुटामेटचा थोड्या वेळासाठी लोंढा येत होता.

याचे सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे, की मेंदूत बोलणाऱ्या पेशींइतक्याच महत्त्वाच्या गप्प बसवणाऱ्या पेशीही असतात. त्या गाबा हे शामक रसायन सोडतात आणि शेजारच्या मोठ्या पेशींना आवरून धरतात. त्या अखंड, वेगाने काम करत असल्यामुळे त्यांचे एनएमडीए दरवाजे जास्त वेळ उघडे राहतात आणि कमी मात्रेतले केटामाइन आधी तिथे अडकते. शाळेत मॉनिटरला मुख्याध्यापकांनी बोलावून नेले की वर्गाचे जे होते, ते मग मोठ्या पेशींचे होते. ग्लुटामेटचा हा लोंढा एनएमडीएच्या शेजारी असलेल्या अँपा नावाच्या दुसऱ्या दरवाजांवर आदळतो, पेशी जागी होते, साठवलेले बीडीएनएफ बाहेर सोडते, आणि ते बीडीएनएफ पेशीवरील ट्रक-बी या ग्राहीला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या रेणूला, चिकटून आत एमटॉर नावाची प्रथिननिर्मितीची यंत्रणा सुरू करते. नवे प्रथिन बनते, ते शाखिकेवर पोहोचते आणि काटे उगवू लागतात. नेहमीच्या गोळ्या ज्या ठिकाणी आठवड्यांनी पोहोचतात, तिथे केटामाइन आडवाटेने काही तासांत नेते.

येलमधील रोनाल्ड डुमन आणि जॉर्ज अघाजानियन यांच्या गटाने २०१० साली ही साखळी उंदरांत टप्प्याटप्प्याने दाखवली. तासाभराच्या आत एमटॉर जागे झाले, साधारण दोन तासांत चेतासंधींची प्रथिने वाढू लागली आणि एका दिवसात प्रीफ्रंटल पेशींवरील काटे वाढलेले दिसले. पुढच्याच वर्षी त्यांनी तीन आठवडे बेभरवशाचा ताण दिलेल्या उंदरांना केटामाइनचा एकच डोस दिला. कधी पिंजरा तिरपा, कधी रात्रभर दिवा, कधी अन्न नाही, असा तो ताण असतो. त्यात झिजलेल्या चेतासंधी मोठ्या प्रमाणात भरून आल्या.

इथवर सगळे फारच सुबक वाटते. म्हणून २०१९ सालचा एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात कॉनर लिस्टन यांच्या गटाने उंदरांना ताणाचे संप्रेरक दीर्घकाळ दिले आणि जिवंत मेंदूतील त्याच शाखिकेचा तोच तुकडा विशेष सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हापुन्हा टिपला. ताणाने कोणता काटा गेला हे त्यामुळे एकेक करून माहीत होते. केटामाइन दिल्यावर काटे परत आले आणि त्यांतले बरेच पूर्वी जिथून गेले होते तिथेच उगवले. पण घड्याळाने वेगळीच गोष्ट सांगितली. उंदरांच्या वागण्यातील सुधारणा आणि पेशीसमूहांचा एकत्रित लयबद्ध व्यवहार तीन तासांतच परतला होता. काटे ठळकपणे दिसायला बारा तास किंवा जास्त लागले. म्हणजे दिलासा काट्यांच्या आधीच आला होता! मग संशोधकांनी प्रकाशाच्या साहाय्याने फक्त नव्याने उगवलेले काटे खुडण्याची युक्ती वापरली. त्यानंतर सुधारणा टिकली नाही.

या प्रयोगामुळे औषधाच्या परिणामाचे दोन वेगळे भाग हाती लागतात. पहिला भाग आहे अडलेल्या परिपथाला मिळालेल्या धक्क्याचा. तो तासांत घडतो. दुसरा आहे बांधकामाचा. तो उशिरा सुरू होतो, पण दिलासा टिकवण्याचे काम तोच करतो. वेग आणि टिकाऊपणा या दोन गोष्टी पेशीत दोन वेगळ्या यंत्रणांकडे आहेत, हे एकदा लक्षात आले की केटामाइनचा परिणाम आठवड्याभरात का ओसरतो, हेही कळते. ज्या ताणाने काटे गेले, तो ताण घरी वाट पाहत असेल, तर नव्या काट्यांचेही तेच होण्याचा धोका असतो.

या मुख्य साखळीला पर्यायी स्पष्टीकरणेही आहेत. लिसा मॉन्टेगिया यांच्या गटाने २०११ साली मांडले, की केटामाइन शांत बसलेल्या पेशीवरही थेट काम करते आणि ग्लुटामेटच्या लोंढ्याशिवायच बीडीएनएफची निर्मिती मोकळी करते. चीनमधील हायलान हू यांनी २०१८ साली मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेल्या हॅबेन्युला या मसुराएवढ्या भागाकडे लक्ष वेधले. अपेक्षाभंगाची नोंद ठेवणारा हा भाग नैराश्यसदृश स्थितीतील उंदरांमध्ये झुंडीझुंडीने संदेश सोडतो आणि केटामाइनने ही झुंड थांबते. फिनलंडमधील ईरो कास्ट्रेन यांच्या गटाने २०२१ साली दाखवले, की केटामाइन आणि फ्लुओक्सेटिन ही दोन्ही औषधे ट्रक-बी ग्राहीला थेट चिकटतात. हे खरे असेल तर जलद आणि संथ औषधांतली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही.

काही निकाल मात्र सरळ आडवे येतात. एमटॉरला रोखणारे रॅपामायसिन माणसांना केटामाइनच्या आधी दिले, तर परिणाम नाहीसा होईल अशी अपेक्षा होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत तो उलट अधिक काळ टिकला. २०२३ साली स्टॅनफर्डमध्ये शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल दिलेल्या नैराश्याच्या ४० रुग्णांना केटामाइन किंवा साधे सलाईन दिले गेले. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला कळण्याचा मार्गच नव्हता आणि दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा झाली. एरवीच्या चाचण्यांत तरंगल्यासारखे वाटले की आपल्याला खरे औषध मिळाले हे रुग्ण ओळखतो, आणि आशेचाही परिणाम होतोच. भुलीची इतर औषधे मध्ये आल्यामुळे या एका चाचणीवरून सगळे मोडीत काढणे घाईचे ठरेल, पण उंदराच्या वागण्यावरून माणसाच्या दुःखाचे अनुमान काढताना हात आखडता ठेवावा, हे खरे.

या विषयाचा एक धागा मुंबईतच आहे. कुलाब्याच्या नेव्हीनगरातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा भावना आणि ताण यांच्या चेताजीवशास्त्रावर सन २००० पासून काम करते. त्यांनी पीएच.डी. डुमन यांच्याकडेच केली. त्यांच्या आणि उल्लास कोलथूर-सीताराम यांच्या गटांनी २०१९ साली दाखवले, की सेरोटोनिन चेतापेशींमधील मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांची, संख्या वाढवते आणि त्यामुळे पेशी ताण अधिक सोसू शकते. मला हे काम महत्त्वाचे वाटते, कारण काटे उगवण्याच्या कौतुकात त्यांना लागणाऱ्या इंधनाचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

केटामाइन हे या जातीचे एकमेव औषध नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी २०२३ साली अमेरिकेत मान्य झालेले झुरॅनोलोन हे तोंडाने, चौदा दिवस घ्यायचे औषध आहे. गरोदरपणात वाढलेले आणि प्रसूतीनंतर झपाट्याने घसरणारे एक संप्रेरकजन्य रसायन गाबाच्या ग्राहींना मदत करत असते. झुरॅनोलोन त्याची जागा घेते. खोकल्याच्या औषधातले ओळखीचे डेक्स्ट्रोमेथॉर्फन बुप्रोपिऑनसोबत देण्याचे मिश्रण २०२२ मध्ये मान्य झाले. तेही एनएमडीए दरवाजावर काम करते. आणि ज्याला लोक अजूनही 'शॉक' म्हणून घाबरतात, ती विद्युत उपचारपद्धती, आता भूल देऊनच केली जाणारी, वेगाच्या बाबतीत जुनीजाणती आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत, भ्रम-भास नसलेल्या हट्टी नैराश्यात, केटामाइनला ५५.४ टक्के आणि विद्युत उपचाराला ४१.२ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला.

धोके सौम्य नाहीत. औषध देताना रक्तदाब चढतो. वारंवार, मोठ्या मात्रेत सेवन करणाऱ्यांच्या मूत्राशयाला कायमची इजा होऊ शकते. व्यसन लागू शकते, म्हणूनच भारतात केटामाइन शेड्यूल एक्समध्ये आहे आणि औषधाच्या दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. भारतात त्याची मान्यता भुलीसाठी आहे. नैराश्यासाठी ते मानसोपचारतज्ज्ञ स्वतःच्या जबाबदारीवर, भूलतज्ज्ञाच्या साथीने वापरतात. घरी, ओळखीच्या माणसाकडून किंवा ऑनलाइन मागवून घेण्याचे हे औषध नव्हे. आत्महत्येचे विचार काही तासांत कमी होणे हा त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग मानला जातो, परंतु त्याने आत्महत्या टळतात असे अद्याप सिद्ध झालेले नाही. असे विचार येत असतील तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलावे.

केटामाइनचेच एक रूप असलेल्या एस्केटामाइनचा, अमेरिकेत २०१९ साली मान्य झालेला, नाकात मारायचा फवारा रुग्णाला घरी नेता येत नाही. पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा, मग जमल्यास पंधरा दिवसांनी, असे अंतर वाढवत नेतात. प्रत्येक वेळी किमान दोन तास दवाखान्यात बसून रक्तदाब तपासून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाडी चालवायची नाही. मान्यता मिळाली तेव्हा अट अशी होती, की हा फवारा रोजच्या गोळीसोबतच द्यावा. एकट्याने देण्याची मुभा २०२५ च्या जानेवारीत आली. तरीही अनेक डॉक्टर जलद औषध सुरू करताना जुनी गोळी चालूच ठेवतात, काळाचौकीच्या त्या मावशींना बाराव्या दिवशी जिच्या पॉवरविषयी शंका आली होती, तसलीच.